गिअरबॉक्सची गळती आणि ड्रायव्हरचा पगार

ताथवड्यात महामार्गालगत उभ्या ट्रकखाली ऑइलचा डाग दिसला की आम्ही ड्रायव्हर बांधवांना आधी विचारतो, "मालकाला कळवलं का?" उत्तर बहुधा एकच असतं, "कळवलं. म्हणाले, एवढी ट्रिप मारून ये."

मग जुगाड सुरू होतो. ड्रेन प्लग आवळायचा, कव्हरच्या सांध्याला सीलंट लावायचं, तुंबलेला ब्रीदर साफ करायचा, कारण तो तुंबला की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो. शेवटी लेव्हल बघून ऑइल भरायचं. गॅरेजपर्यंत पोहोचायला एवढं पुरतं. पण झिजलेलं ऑइल सील बदलावंच लागतं. ते टाळलं, ऑइल संपलं, की बेअरिंग जळतात, गिअर खराब होतात आणि खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो.

मित्रांनो, मालकाने टाळलेल्या दुरुस्तीचा भुर्दंड कामगाराने का सोसायचा? नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे आणि आधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. म्हणून गळती दिसताच फोटो काढा, मालकाला व्हॉट्सॲपवर लेखी कळवा, तो मेसेज जपून ठेवा. तरीही पगार कापला, तर कामगार आयुक्तालयात तक्रार करा. आम्ही सोबत येऊ.

जय भीम!