रॉकेलचा वाटा

नॉटिंगहॅमच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा घरमालकाने हातात दोन किल्ल्या ठेवल्या. एक दाराची, दुसरी प्लॅस्टिकची, विजेची. ही किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, दहा-वीस पौंड भरून आणायची आणि जिन्याखालच्या मीटरमध्ये खुपसायची. पैसे संपले की वीज गेली. ऑक्टोबर २०२२ चालू होता आणि आमचा मुलगा दीड वर्षाचा होता.

मी भुसावळजवळच्या खेड्यात वाढले. आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसायच्या, तरीही भारनियमनात दहा-दहा तास अंधार असायचा. वीज जाण्याची मला सवय होती. पण तिथे जायची ती साऱ्या गावाची. इथे शेजारी दिवा चालू असताना फक्त माझी जाऊ शकत होती. त्या पहिल्या महिन्यात मी रात्री दोनदा उठून मीटरवरचा आकडा बघायचे.

टीव्हीवर सारखं सांगत होते की सरकारने विजेचं आणि गॅसचं मिळून बिल वर्षाला २,५०० पौंडांवर रोखलंय. मला वाटलं, तेवढे भरून झाले की पुढचं माफ. शेजारच्या आजींनी समजावलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. रोखला होता तो दर, म्हणजे विजेला युनिटमागे सुमारे ३४ पेन्स आणि गॅसला १०.३. अडीच हजार हे साधारण वापराच्या घराचं गणित होतं. जास्त वापरलं तर जास्त भरायचं. शिवाय काहीच वापरलं नाही तरी रोजचा स्थिर आकार होताच. सरकारकडून दरमहा ६६-६७ पौंडांचं व्हाउचर येई, तेवढाच आधार.

आजींचे यजमान कोळशाच्या खाणीत होते. आजी आता एकट्या राहतात आणि थंडीत एकच खोली तापवतात. त्यांनीच मला वाचनालयाचा रस्ता दाखवला. त्या हिवाळ्यात इथली कितीतरी वाचनालयं लोकांना ऊब मिळावी म्हणून खुली ठेवली होती. चहा मिळायचा, मुलाला खेळायला गालिचा होता, आणि तिथेच मी पहिल्यांदा विजेच्या दरावरून माणसं भांडताना पाहिली.

एक गट म्हणायचा, हे कार्बनचे परवाने आणि बिलात घुसवलेले हिरवे अधिभार काढून टाका, बिल उतरेल. दुसरा म्हणायचा, परवाने काढले तर पुन्हा कोळसा येईल. तिसऱ्यांचं म्हणणं होतं की आधी घरांच्या भिंतींत आणि छतांत उष्णतारोधक भरा, लागणारी ऊर्जाच कमी करा. मला एकाचंही धड कळत नव्हतं. परवाना कसला, आणि त्याचा माझ्या किल्लीशी संबंध काय?

वीज क्षेत्रात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ तिथे यायचे. त्यांनी कागदावर पायऱ्या काढून दाखवल्या. सर्वांत खाली वारा, मग अणुवीज, वर गॅस. दर अर्ध्या तासाला जेवढी वीज लागते, तेवढी खालून वर भरत जायची, आणि शेवटच्या पायरीचा जो भाव तोच बाजाराचा भाव. ब्रिटनमध्ये ही शेवटची पायरी बहुतेक वेळा गॅसची असते. मला एकदम आमचा मे महिना आठवला. विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी आणि ते पुरलं नाही की टँकर. समजा गावाने ठरवलं की आज टँकर लागला, तर विहिरीवाल्यालाही टँकरचाच भाव द्यायचा. विजेचं हे असंच चालतं. (ज्या नव्या पवनप्रकल्पांशी सरकारने ठरावीक भावाचा करार केलाय, त्यांना वरचे पैसे परत करावे लागतात. तेवढी फट सरकारने बुजवली आहे.)

आता परवाने. गॅसच्या वीजकेंद्राने एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला की एक परवाना सरकारजमा करायचा. एकूण परवाने मोजके आणि दरवर्षी कमी होत जाणारे, म्हणून त्यांचा बाजार भरतो. युरोपने हे २००५ मध्ये सुरू केलं. सुरुवातीला परवाने बहुतेक फुकट वाटले, तरी वीजकंपन्यांनी त्यांचा बाजारभाव ग्राहकाच्या दरात लावला आणि बक्कळ कमावलं. २०१३ पासून वीजकेंद्रांना ते सहसा लिलावात घ्यावे लागतात. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने २०२१ पासून स्वतःचा परवानेबाजार मांडला, आणि त्यावर टनामागे १८ पौंडांचा जुना करही ठेवला. हा सगळा खर्च गॅसकेंद्र आपल्या भावात घालतं. म्हणजे टँकर महागला, आणि टँकरबरोबर विहीरही.

म्हणजे पहिला गट खरं बोलत होता. पण दुसराही खरंच बोलत होता. २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, ती २०२० मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आली. गॅसच्या मानाने कोळसा युनिटमागे जवळजवळ दुप्पट कार्बन सोडतो, त्यामुळे कार्बनला किंमत लागताच कोळसा आधी बाजूला पडला. कार्बनच्या ज्या किमतीने माझी किल्ली लवकर रिकामी होत होती, तिनेच इथली हवा स्वच्छ केली होती. हे दोन्ही एकत्र मनात ठेवणं मला फार जड गेलं. अजूनही जातं.

त्याच हिवाळ्यात वीजवहन पाहणाऱ्या संस्थेने एक योजना आणली. ऐन मागणीच्या वेळी वापर कमी करा, आम्ही पैसे देतो. २३ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी पाच ते सहा ती पहिल्यांदा खरोखर वापरली गेली. कल्पना मला मनापासून आवडली. मागणी कमी झाली की महागडी शेवटची पायरी लागतच नाही. पण त्यासाठी स्मार्ट मीटर हवा होता. माझ्याकडे किल्ली होती, आजींकडे जुना मीटर. आजींनी तर वापर कधीचाच कमी केला होता, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून. त्या बचतीची नोंद कोणी घेतली नाही. किमतीने मागणी घटते असं सगळे म्हणत होते, पण घटत होती ती कुणाची, हे विचारायला हवं होतं.

वाचनालयातच मला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड फ्लेमिंग यांची कल्पना सापडली. १९९६ मध्ये त्यांनी सुचवलं होतं की देशातल्या प्रत्येक प्रौढाला परवाने सारखे आणि फुकट द्यावेत. वीज, गॅस, पेट्रोल घेताना ते कापले जातील. ज्याचे उरतील तो विकेल, ज्याला जास्त लागतील तो विकत घेईल. डेव्हिड मिलिबँड पर्यावरणमंत्री असताना, २००६ मध्ये, त्यांनी अशा वैयक्तिक परवान्यांची बाजू मांडली होती. २००८ मध्ये सरकारी अभ्यासाने ते काळाच्या पुढचं आणि खर्चिक ठरवून बासनात बांधलं. संसदेच्या पर्यावरण समितीने मात्र पाठपुरावा करा असं बजावलं. पुढे काही झालं नाही.

मला हे वाचताना नवं वाटलंच नाही. हे आमचं रॉकेलचं कार्ड होतं. महिन्यातून एकदा आई मला कॅन घेऊन रेशनच्या दुकानात रांगेत उभी करायची. नरसाळ्यातून रॉकेल पडायचं, कार्डावर सही व्हायची. भारनियमनाच्या रात्री त्याच रॉकेलच्या कंदिलाखाली मी दहावीचा अभ्यास केला. वाचनालयात पुढच्या वेळी सगळे जमले तेव्हा मी उभी राहून, तुटक इंग्रजीत, हे सगळं सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "रेशन म्हणजे आम्हाला युद्ध आठवतं." निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "उरलेलं विकायची परवानगी होती?" मी म्हटलं, नव्हती, पण विकलं जायचं. घरी गॅस आलेल्यांचं रॉकेल गरजू घरी जायचं, आणि काही थेट ट्रकवाल्यांकडेही. हे दुसरंही मी सांगितलं, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. दुबळ्याच्या हातात वाटा दिला तरी तो त्याच्याकडेच टिकेल याची तजवीज लागते.

३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचं केंद्र बंद झालं, ब्रिटनचं कोळशावरचं शेवटचं. नॉटिंगहॅमहून लंडनला जाताना त्याचे आठ शीतमनोरे अगदी रुळांलगत दिसतात. दुसऱ्या दिवसापासून विजेची आणि गॅसची दरमर्यादा १० टक्क्यांनी वाढली. संध्याकाळी आजी कागद घेऊन दारात आल्या. निवृत्तांना मिळणारी हिवाळी मदतही त्या वर्षी फक्त सर्वांत कमी उत्पन्नवाल्यांपुरती ठेवली होती, आणि आजी जेमतेम त्या रेषेच्या वर होत्या.

"केंद्र बंद केलं म्हणून वाढलं ना?"

"नाही, आजी. गॅसचा घाऊक भाव चढला म्हणून." मी त्यांना आत बसवलं आणि कागदावर पायऱ्या काढल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या कार्डावर एका घराला किती मिळायचं?"

मला आठवेना. मी तिथूनच आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते.

"घरातली माणसं मोजून द्यायचे गं," आई म्हणाली. "थांब, कार्ड पेटीत असेल. काढून बघते."