गाडी आठ तास थांबेल!

एसटीने लांबचा प्रवास केला असेल, तर कंडक्टरची ती आरोळी तुमच्या कानात अजून असेल. 'गाडी दहा मिनिटं थांबेल!' मग काय होतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. कुणी वडापावच्या मागे, कुणी स्वच्छतागृहाच्या शोधात, कुणी उगाचच पाय मोकळे करत लांब निघून जातो आणि डबल बेल वाजायच्या आत सगळे धापा टाकत परत येतात.

क्रूझवरचा 'पोर्ट डे' म्हणजे हेच. फक्त गाडी बारा-तेरा मजल्यांची आणि थांबा दहा मिनिटांऐवजी आठ तासांचा. बाकी घाई, धापा आणि 'आपलं माणूस मागे तर राहिलं नाही ना' ही धास्ती, सगळं अगदी तस्संच!

आमची वरात पाच जणांची होती. आई, बाबा आणि मी इंदूरचे. दादा-वहिनी अमेरिकेत असतात. आई-बाबांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला दादाने सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ भेट दिली. जहाज सुटलं पोर्टो रिकोतल्या सान हुआनहून. हे बेट अमेरिकेच्याच अखत्यारीत येतं, त्यामुळे आधी अमेरिकेचा व्हिसा हवा. मग रोज सकाळी डोळे उघडले की खिडकीत नवं बेट. त्यातलं एक होतं बार्बाडोस. लांबी साधारण ३४ किलोमीटर, रुंदी २३. इंदूरहून उज्जैन ५५ किलोमीटर आहे. म्हणजे हा अख्खा देश उज्जैनपर्यंतसुद्धा पोचत नाही. 'मग काय, आठ तासांत दोनदा बघून होईल,' असं आई म्हणाली. आईचा अंदाज देशाच्या बाबतीत बरोबर होता, आपल्या घरच्यांच्या बाबतीत नव्हता.

पाच माणसं, पाच याद्या

आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर बैठक भरली. आईला समुद्रातली कासवं बघायची होती. वहिनीला तिथला प्रसिद्ध उडता मासा खायचा होता. दादाला वाळूत काहीही न करता पडून राहायचं होतं. मला ब्रिजटाऊनचं जुनं शहर बघायचं होतं, कारण युनेस्कोने २०११ मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलंय. आणि बाबा? बाबांनी शांतपणे वरणभाताच्या जागी मिळालेला पास्ता संपवला आणि म्हणाले, 'मला फक्त केन्सिंग्टन ओव्हल. दहा मिनिटं.'

बाबांची दहा मिनिटं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी कुणी नाही म्हटलं नाही. कारण हे मैदान आमच्या घरात देवघरासारखं आहे. फरक इतकाच की या देवाने प्रसाद कमी आणि फटके जास्त दिले.

आजोबा सांगायचे ती १९६२ ची गोष्ट. याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, जीव कसाबसा वाचला. त्याच्यासाठी रक्त देणाऱ्यांमध्ये वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. १९७१ मध्ये इथेच दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढल्या आणि गावसकरांनी नाबाद ११७ करून कसोटी वाचवली. बाबांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र १९९७ आलं. जिंकायला फक्त १२० धावा हव्या होत्या, सचिन कर्णधार होता, आणि आपण ८१ वर गारद! आई सांगते, त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मग २९ जून २०२४. याच मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल, आणि सात धावांनी विजय. त्या रात्री बाबा दोनदा जेवले.

कपडे बदला आणि डॉलर विचारा

सकाळी आठला जहाज धक्क्याला लागलं. साडेचारपर्यंत परत यायचं, पाचला जहाज सुटणार. आम्ही सव्वाआठला दारात. तिथल्या कर्मचाऱ्याने दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नम्रपणे मान हलवली. दादाची लाडकी बर्म्युडा लष्करी छापाची होती. बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने असे कपडे घालणं बेकायदा आहे, मग ते लहान मुलाचे असोत की टोपी असो. दादा खोलीत परत गेला. लिफ्टला रांग. पंचवीस मिनिटं गेली. बाबांनी ती मोठ्याने मोजली.

बंदराबाहेर टॅक्सीवाले उभे होते. इथल्या टॅक्सीला मीटर नसतो, भाडं आधीच ठरवायचं. एकाने आकडा सांगितला आणि आईच्या भुवया वर गेल्या. मग वहिनीने विचारलं, 'कुठले डॉलर?' हा प्रश्न तुम्ही पाठच करून ठेवा. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि असे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. हे समजल्यावर आईची दिवसभराची करमणूक झाली. प्रत्येक किंमत ऐकली की ती आधी निम्मी करायची, मग रुपयांत गुणायची, आणि उत्तर ऐकून ती वस्तू परत ठेवायची.

पण टॅक्सी केलीच नाही, कारण ओव्हल बंदरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. बाबांनी ते नकाशावर महिनाभर आधी मोजून ठेवलं होतं. गुडघेदुखीचा माणूस आमच्या पुढे वीस पावलं चालत होता.

शहाळं, झेल आणि ८१

मैदान बंद होतं.

कसलीशी तयारी चालली होती, आत कुणालाच सोडत नव्हते. फाटकाच्या गजांतून हिरवळीची एक पट्टी दिसत होती, बस. बाबा काही बोलले नाहीत. बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. त्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, पण हसले नाहीत. जगाच्या दुसऱ्या टोकाला येऊन माणूस फाटकाचे गज बघतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, हे आम्हा चौघांपैकी कुणालाच सुचेना.

रस्त्याच्या कडेला एक आजोबा गाडीत शहाळी घेऊन बसले होते. आईने पाच घेतली, आधी निम्मी करून. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, 'इंडिया?' बाबांनी मान हलवली. आजोबा कोयता बाजूला ठेवून म्हणाले, 'तो झेल. खरं सांगा, पाय दोरीला लागला होता ना?'

झालं! बाबांनी शहाळं उचललं. फुटपाथची कड ही सीमारेषा ठरली. बाबांनी शहाळं झेललं, हवेत उडवलं, कडेबाहेर गेले, आत आले, परत झेललं. गुडघा, वय, साखर, सगळं विसरून. शहाळ्यातलं अर्धं पाणी बाबांच्या शर्टावर आणि उरलेलं दादाच्या नव्या बर्म्युडावर. आजोबा ओरडले, 'चीज ऑन ब्रेड!' आम्हाला वाटलं खायला देतायत. नंतर कळलं, बार्बाडोसची माणसं आश्चर्य वाटलं की असं म्हणतात. आपलं 'अगंबाई' किंवा 'अरे देवा' असतं ना, तसं.

मग आजोबा हळूच म्हणाले, 'पण ते सत्याण्णव साल...'

आणि दोघे एकदम म्हणाले, 'एटी वन!'

दोघे हसत सुटले. आजोबा त्या दिवशी आत बसले होते म्हणे. बाबा इंदूरमध्ये टीव्हीसमोर. जो दिवस एकाच्या आयुष्यातला सर्वांत गोड, तोच दुसऱ्याच्या आयुष्यातला सर्वांत कडू. इतकी वर्षं बाबांना त्या सामन्याबद्दल बोलायला कुणी मिळालं नव्हतं, कारण आपल्याकडे तो विषय काढला की लोक वाहिनी बदलतात. इथे समोरचा माणूस एकेक विकेट आठवून सांगत होता आणि बाबा दुरुस्त्या सुचवत होते. वेस्ट इंडीजचं क्रिकेट पूर्वीसारखं राहिलं नाही, हे आजोबांचं दुःख. बाबांनी त्यांना सोबर्सचे नाबाद ३६५ आठवून दिले. इंदूरच्या नरेंद्र हिरवाणीने १९८८ मध्ये पहिल्याच कसोटीत तुमचे १६ गडी बाद केले होते, हेही आठवून दिलं. त्यावर आजोबांनी कोयता परत उचलला, पण दुसरं शहाळं फोडायला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

निघताना बाबांनी पुतळ्याजवळच्या गवताची एक काडी तोडली आणि रोहितसारखी तोंडात टाकली. आई म्हणाली, 'अहो, धुवून तरी खा!'

दहा मिनिटांचे एक तास वीस मिनिटं झाली होती.

भेंडी घातलेली उकड

माझं जुनं शहर मग चालता चालताच झालं. भर चौकात १८१३ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा उभारला होता, तो २०२० मध्ये हलवला. पुढच्याच वर्षी देशाने ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून निरोप दिला आणि बार्बाडोस प्रजासत्ताक झालं. त्याच सोहळ्यात गायिका रिहानाला राष्ट्रवीर जाहीर केलं, कारण ती इथलीच लेक. सोबर्सना तो मान आधीच मिळालेला. एक क्रिकेटपटू आणि एक गायिका राष्ट्रवीर असलेला देश बाबांना एकदम पटला.

जेवायला इथलं राष्ट्रीय पक्वान्न मागवलं, कूकू आणि उडता मासा. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला मऊ गोळा. आई शाकाहारी, तिने मासा वहिनीच्या ताटात सरकवला आणि कूकूचा घास घेऊन निकाल दिला, 'उकडच आहे. भेंडी घातलेली. फोडणी विसरलेत.' शेजारी पिवळा तिखट सॉस होता, मिरची आणि मोहरीचा. तो आईला इतका आवडला की दोन बाटल्या विकत घेतल्या. किंमत निम्मी करायलाही विसरली.

कासव, झाड आणि डबल बेल

कार्लाइल बेला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. इथले समुद्रकिनारे सगळ्यांसाठी खुले असतात. एक काळजी मात्र घ्या. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. सावली छान, फळ हिरव्या सफरचंदासारखं, पण चीक आणि फळ दोन्ही विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी अंगाला फोड येतात. अनेक ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. दादा नेमका तशाच एका झाडाकडे टॉवेल घेऊन निघाला होता. आईने त्याला तिशीत कान धरून परत आणलं.

आणि मग ज्या बाईने आयुष्यात नर्मदेपेक्षा खोल पाण्यात पाय घातला नव्हता, ती सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरली. पाच मिनिटांनी जेमतेम दहा हातांवर एक कासव वर आलं, श्वास घेतला, आईकडे पाहिलं आणि गेलं. आईने हात जोडले. 'कूर्मावतार,' ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास तिथून हलली नाही.

परतीला खाजगी व्हॅन पकडली. यांच्या नंबरप्लेटची सुरुवात 'झेडआर' या अक्षरांनी होते. आपल्या वडापसारखीच ही सेवा, 'अजून एक बसेल' असं म्हणत चौघं बसवणारी, वर कान फाडणारं संगीत. आईच्या मांडीवर सॉसच्या बाटल्या, माझ्या मांडीवर एका शाळकरी मुलीचं दप्तर. शहरात उतरलो तेव्हा पावणेचार. तिथून बंदरापर्यंत आमची जी चाल होती, तिला चालणं म्हणता येणार नाही, पळणं म्हटलं तर बाबांना राग येतो. चार वाजून अठरा मिनिटांनी आम्ही आत होतो.

तुम्ही कधी अशा प्रवासाला गेलात, तर एवढं करा. परतायची वेळ हातावर लिहा आणि जहाजाचं घड्याळ कुठल्या वेळेवर चालतंय ते आधी विचारा. पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. आणि याद्या कितीही करा, घरातल्या ज्या माणसाने एकच गोष्ट मागितली असेल, तिकडे सगळ्यात आधी जा. बाकीच्या चार याद्या पुढे आपोआप सांभाळल्या जातात.

पाचला भोंगा झाला. डेकवरच्या एका काकांनी सांगितलं, की २०२४ चा तो अंतिम सामना जिंकल्यावर बेरिल वादळामुळे आपला संघ याच बेटावर काही दिवस अडकून पडला होता. 'अडकले?' बाबा किनाऱ्याकडे बघत म्हणाले, 'नशीबवान!'

रात्री जेवताना आईने विचारलं, 'उद्या कुठलं बेट?'

'सेंट लुसिया,' बाबा म्हणाले. 'ऑस्ट्रेलियाविरुद्ध रोहितचे ९२ तिथेच झाले होते. बंदरापासून मैदान थोडं लांब आहे, पण दहा मिनिटं...'

दादाने शांतपणे अलार्म तासभर आधीचा लावला.