लेकरू कोणाकडं आहे?

नागपूरच्या इतवारीत लेकरू हरवणं कठीण आहे. सराफा बाजारापासून मस्कासाथपर्यंतची गर्दी रोज बघून मी हे म्हणते आहे. हातगाडी, स्कूटर, ई-रिक्षा आणि पाठीवर पोतं घेतलेला हमाल, सगळे इथं एकाच चिंचोळ्या वाटेनं जातात. तरी पायाला भिंगरी लागलेलं तीन वर्षांचं पोट्टं घरातून निसटलं, तर चार दुकानांपुढं जात नाही. कोणीतरी गल्ल्यावरून उठतो, त्याचा दंड धरतो आणि मोठ्यानं विचारतो, "कोणाचं लेकरू हाये हे?" उत्तर त्याला ठाऊक असतं. आईला ऐकू जावं म्हणून तो ओरडतो.

या वस्तीत वाढलेल्या घरांच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते. माणसं भरपूर असली की लेकरू सुखरूप. आजी आहे, आबाजी आहेत, काकू आहे, मोठी चुलत भावंडं आहेत. कोणाचं ना कोणाचं लक्ष असणारच.

हीच खात्री घेऊन आता घरं जहाजावरही जातात. मुंबईहून गोव्याकडं जाणारी क्रूझ आता आमच्याकडच्या कुटुंबांनाही परकी राहिलेली नाही. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज २०२१च्या सप्टेंबरपासून या मार्गावर आलं. विदर्भ एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पियर जवळच. आम्हीही तीन पिढ्या मिळून गेलो, सोबत पुतण्याचा धाकटा मुलगा होता. पहिल्या संध्याकाळी सगळे वरच्या डेकवर समुद्र बघत उभे होते आणि तो आमच्या पायांमधून इकडून तिकडे पळत होता. काकूला वाटत होतं तो आईजवळ आहे, आईला वाटत होतं तो आजीजवळ आहे. काही झालं नाही. पण मी त्या घोळक्याकडं पाहिलं आणि पोटात गोळा आला. आमच्यापैकी प्रत्येकाचं थोडं थोडं लक्ष होतं, पूर्ण लक्ष कोणाचंच नव्हतं. आणि गल्ल्यावरून उठणारा तो दुकानदार इथं नव्हता. जहाजावर हजारभर माणसं असतील, पण हे लेकरू कोणाचं, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं.

जहाजाच्या कठड्याचा आंतरराष्ट्रीय नियम मी मुद्दाम वाचला. उंची किमान एक मीटर हवी, आणि खालचा गज सोडून वरच्या गजांमधलं अंतर अडतीस सेंटिमीटरपर्यंत चालतं. मोठ्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून हा हिशेब ठीक आहे. अडतीस सेंटिमीटरमधून लहान मूल सहज पार होतं. प्रवासी जहाजांवर बहुतेक ठिकाणी तिथं काच किंवा जाळी लावतात हे खरं, पण कोणी एखादी खुर्ची कठड्याशी ओढून ठेवली की ती काचही तोकडी पडते. चढणाऱ्या पोराला खुर्ची पुरते.

आणि कधी कधी मूल स्वतः चढतच नाही. २०१९च्या जुलैमध्ये पोर्टो रिकोतल्या सान हुआन बंदरात 'फ्रीडम ऑफ द सीज' हे मोठं जहाज उभं होतं. अकराव्या डेकवर एका आजोबांनी दीड वर्षाच्या नातीला काचांच्या भिंतीजवळ उचलून धरलं. समोर काच आहे असं आपल्याला वाटलं, असं ते नंतर म्हणाले, पण ती खिडकी उघडी होती. नात खाली पडली आणि गेली. त्या आजोबांवर पुढं गुन्हा दाखल झाला. मला ते नातीवर जीव असलेले आजोबाच दिसतात. दिसत नाही म्हणून लेकराला उचलून घेणं, हे तर आपल्याकडचा प्रत्येक आबा करतो.

२०२५च्या जूनमध्ये 'डिस्ने ड्रीम' जहाजावरून एक मुलगी समुद्रात पडली, तिच्यामागं बापानं उडी घेतली आणि जहाजाच्या बचाव नौकेनं दोघांना जिवंत वर काढलं. ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. बापाला उडी घेता आली, कारण लेक पडल्याचं लगेच कळलं. लेकरू गेल्याचं दहा मिनिटांनी कळलं, तर उडी तरी कुठं मारणार?

नवं काही सांगत नाहीत म्हणून लोक जहाजावरची सुरक्षा-कवायत टाळू बघतात, मुलं कंटाळतात म्हणून आयाही कुरकुरतात. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी खडकावर आपटलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. बत्तीस माणसं गेली. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच कवायत घेण्याचा नियम त्यानंतर आला. सात छोटे भोंगे आणि एक लांब, एवढं पोरांनाही पाठ होतं, त्यांना आवडतंही. लहान मुलांची वेगळी लाइफ जॅकेटं जहाजावर असावीच लागतात, पण ती खोलीत असतीलच असं नाही. गेल्या गेल्या मागून घ्यावीत. मोठ्यांचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निसटतं.

जॅकेटाचं मोल आपल्याला कळायला फार लांब जावं लागत नाही. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेवरून एलिफंटाकडं निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा जीव गेले, त्यात मुलंही होती. बोट बुडतेय म्हटल्यावर काही पालक मुलांना समुद्रात टाकायच्या बेतात होते, म्हणजे निदान कोणी उचलेल. सीआयएसएफच्या गस्ती नौकेवरचे जवान पोचले, त्यांनी टाकू नका म्हणून ओरडून सांगितलं आणि मुलांना आधी उतरवून घेतलं. अंगावर जॅकेट असतं तर आईबापावर असा विचार करायची वेळ आली नसती.

एक दिवस मात्र इतवारीही जहाजासारखी होते. पोळ्याच्या पाडव्याला, मारबतीच्या दिवशी. १८८१पासूनची काळी आणि १८८५पासूनची पिवळी मारबत या दोन पुतळ्यांच्या मिरवणुका नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात, बडग्यांचे पुतळे नाचतात, अख्खं नागपूर आमच्या गल्ल्यांत उतरतं आणि दुकानदारालाही चेहरे ओळखू येत नाहीत. त्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे चाकांचे लाकडी बैल ओढायला नटलेली पोरं भल्या सकाळपासून उंबऱ्यात टपलेली. त्या दिवशी आमच्या आजेसासूबाई "लेकरांकडं पाहा जी" असं कधी म्हणत नसत. त्या नाव घ्यायच्या. धाकटा कोणाच्या खांद्यावर, मधली कोणाच्या हाताला, हे बाहेर पडायच्या आधी ठरायचं. खांदा बदलायचा तर "घेतला का?" असं विचारायचं आणि समोरच्यानं "घेतला" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. "हात सोडू नको" हे आपण तीन वर्षांच्या पोराला बजावतो. त्या हे मोठ्यांना बजावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावर आम्ही तेच केलं. चहा पिताना पाळ्या ठरल्या. ज्याची पाळी त्याचा फोन दुसऱ्याच्या पिशवीत, कारण फोटो काढणारा डोळा लेकरावर नसतो. पोहण्याच्या तलावाजवळ एकाऐवजी दोघं, आणि त्यातला एक पाण्यात, कारण लहान मूल बुडताना ओरडत नाही. जेवणानंतरची पाळी आबाजींनी आपणहून नाकारली. म्हणाले, "त्या वक्ताले माहा डोळा लागते बाप्पा, मले सकाळची द्या." मग ते रोज सूर्य उगवायच्या आधी, नातवाची मूठ आपल्या मुठीत घेऊन, सगळ्यात पहिले डेकवर जात.