त्रिवेणीकाठचे क्षौर

काशीहून परत आलेला माणूस गल्ल्यांविषयी बोलतो, गयेहून आलेला पिंडांविषयी. प्रयागहून आलेल्याला मात्र तोंड उघडावे लागत नाही, त्याचे डोके पाहिले की कळते. तीर्थांच्या आपसांतल्या वाटणीत मुंडन प्रयागच्या वाट्याला आले आहे, आणि किल्ल्याच्या तटाखालच्या वाळूवर पाय ठेवल्याबरोबर ही वाटणी डोळ्यांना पटते. एका ओळीने न्हावी बसलेले, त्यांच्यापुढे उकिडवे बसलेले यजमान, पितळी वाट्यांतले पाणी, तुरटीचे खडे, आणि भोवती वाऱ्याने हलणारे काळे, पांढरे, भुरे केस. पंजाबी, तेलुगू, बंगाली, मराठी, साऱ्यांचे केस एका ढिगात. राष्ट्रीय ऐक्याचे इतके निर्विवाद दर्शन मला दुसरीकडे कोठे घडलेले नाही.

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने गेले तर उतरायचे ते छिवकीला, म्हणजे यमुनेच्या अलीकडच्या तीरावर. तेथून रिक्षा २००४ साली झालेल्या, पोलादी दोरांनी तोलून धरलेल्या नव्या पुलावरून नदी ओलांडते. शेजारीच १८६५ सालचा नैनीचा जुना पूल दिसतो. त्याच्या वरच्या मजल्यावरून आगगाडी जाते आणि खालच्या मजल्यावरून माणसे. पलीकडे १५८३ साली अकबराने बांधायला घेतलेला किल्ला आहे. त्याच्या पोटात अशोकाचा स्तंभ आहे आणि अक्षयवटही आहे. हा वट पुष्कळ वर्षे लष्कराच्या पहाऱ्यात होता, २०१९पासून तो यात्रेकरूंना मोकळा झाला. संगमावर गढूळ गंगा आणि हिरवट यमुना यांची सीमारेषा नावेतून स्पष्ट दिसते. तिसरी नदी ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने पाहावी.

आम्ही मार्गशीर्षात गेलो. वडील भाद्रपदात गेले होते. दहाव्याचे सारे नाशिकला झाले, परंतु थोड्या अस्थी प्रयागला न्याव्यात अशी त्यांची इच्छा होती. बरोबर माझे धाकटे काका होते, वय बाहत्तर, पेन्शनर, आणि शास्त्राच्या बाबतीत कोणत्याही शास्त्र्याहून कडक. शिवाय आमचे चिरंजीव, वय एकोणीस, कॉलेजच्या पोहण्याच्या संघात.

दारागंजात आमच्या तीर्थोपाध्यायांचे घर आहे. प्रयागच्या पंड्यांच्या वह्या प्रसिद्धच आहेत. गावाचे आणि आडनावाचे नाव सांगा, अर्ध्या तासात तुमचा खापरपणजोबा कापडाच्या बासनातून बाहेर येतो. आमच्यापुढे आले ते शके १८४९ सालचे पान. अक्षर मोडी होते. गुरुजींना ते वाचता येत नव्हते, मला येत होते, त्यामुळे माझ्या एम. ए.चा संसारात प्रथमच काही उपयोग झाला. माझे पणजोबा आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते आणि ‘बरोबर चिरंजीव’ म्हणून बारा वर्षांच्या माझ्या आजोबांचे नाव होते. आमच्या चिरंजीवांनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि बराच वेळ ते तेथेच ठेवले.

रात्री जेवणानंतर क्षौराचा विषय निघाला. काकांचे म्हणणे असे की, प्रयागी करायचे ते सर्वांग क्षौर. डोके आणि दाढीमिशा तर खऱ्याच, पण छाती, दंड, काखा हेही. शहरात वाढलेल्या वाचकांना हे विचित्र वाटेल, परंतु काका आधाराशिवाय बोलत नसतात. आपले गृह्यसूत्रकार क्षौराचा उल्लेख करतात तेव्हा केश, श्मश्रू, लोम आणि नख अशी चारांची नावे घेतात, आणि लोम म्हणजे अंगावरचे केस. माणसाचे पाप केसांच्या आश्रयाने राहते, म्हणून तीर्थात उतरण्यापूर्वी त्याचे घरच मोडायचे, असा त्यामागचा समज. मात्र किती मोडायचे याविषयी ग्रंथांत एकमत नाही. कोठे शेंडी, काखा आणि गुह्यभाग वगळायला सांगितले आहे, तर कोठे नखशिखांत साफ करायला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थांवरील मुंडनाची चर्चा केली आहे. ती वाचली की आपल्या पूर्वजांनी एकेका केसावर किती मते मांडली याचे नवल वाटते.

त्यातही मला सर्वांत आवडते ती तैत्तिरीय ब्राह्मणातली हकिकत. असुरांनी आधी डोक्याचे केस काढले, मग दाढी, मग काखा. ते वरून खाली आले, म्हणून खालीच गेले आणि पराभव पावले. देवांनी आधी काखा घेतल्या, मग दाढी, मग डोके. ते वर चढत गेले आणि स्वर्गाला पोहोचले. मनूने या दोन्ही वाटा सोडल्या आणि आधी दाढी, मग काखा, शेवटी डोके असा क्रम धरला. त्याला स्वर्ग मिळाल्याचे सांगितलेले नाही. मुलेबाळे आणि गुरेढोरे मिळाली. गृहस्थाश्रमी माणसाने कोणता क्रम धरावा हे आता निराळे सांगायला नको.

“मग मीही करणार,” चिरंजीव एकदम म्हणाले.

“तुला नाही करता येत,” काका म्हणाले. “तुझा बाप जिवंत आहे.”

शास्त्र तसेच आहे. ज्याचे वडील हयात आहेत त्याने मुंडन आणि पिंडदान करू नये. ज्याची पत्नी गर्भवती आहे त्यानेही करू नये. आपल्याकडे हाच नियम मिशीच्या रूपाने घरोघर पोहोचलेला होता. बाप असताना मिशी काढायची नाही, काढली तर लोक ‘कोण गेलं?’ म्हणून विचारणार. माझे वडील १९६८ साली मुंबईत नोकरीला लागले आणि साहेबी रिवाजाने मिशी उतरवून गावी गेले, तेव्हा आजोबांनी दारातच विचारले होते, “मी मेलो असं कुणी कळवलं तुला?” पुढे दोन दिवस त्यांनी वडिलांच्या पंक्तीला जेवण घेतले नाही. ही गोष्ट वडील हसत हसत सांगत, पण त्यांचे हसणे नेहमी जरा उशिरा येई.

आणि त्याच वडिलांनी मागच्या वर्षी नातवाला धारेवर धरले होते. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आधी चिरंजीवांनी छाती, हात, पाय, काखा, सारे अंग साफ करून टाकले होते. पोहणारांत ही रीत जुनी आहे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या पोहणाऱ्यांनी ती रूढ केली. अंगावर केस नसले की पाण्याचा अडथळा कमी होतो, आणि पोहणारे सांगतात की पाणी कातडीला अधिक स्पष्ट कळते. वडिलांना यातले काही पटले नाही. “हा नटवेपणा आहे. पुरुषाच्या जातीनं छाती भादरून घ्यायची, तीही बाप आणि आजा दोघं जिवंत असताना!” असे ते म्हणाले. नातू काही बोलला नाही. त्यानंतर दोघांत बोलणे होई ते ‘औषध घेतलं का’, ‘कॉलेज कधी सुटतं’ एवढेच. तोंडावरचा हा धरबंद सुटायच्या आधीच भाद्रपद आला. म्हणून त्या रात्रीच्या ‘मीही करणार’चा अर्थ मला कळत होता. काकांनाही कळत असावा, पण शास्त्र सैल करणे त्यांच्या स्वभावात नाही.

“आजोबांसाठी केलं तर?”

“बापासाठी थांबायचं,” काका म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मला पुष्कळ वेळ झोप आली नाही. शोकाची खूण म्हणून केस काढायचे, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की जगभर असेच असणार असे आपण गृहीत धरतो. परंतु हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने प्राचीन मिसर देशाविषयी नेमके उलट लिहून ठेवले आहे. तेथले लोक एरवी डोके आणि दाढी गुळगुळीत ठेवीत आणि घरात कोणी गेले की केस वाढवीत. पुरोहित तर एक दिवसाआड सर्व अंग भादरीत, देवापुढे जाताना अंगावर ऊ किंवा मळ नसावा म्हणून. इस्लामी परंपरेत काखेतले आणि गुह्यभागाचे केस चाळीस दिवसांच्या आत काढावेत असे सांगितले आहे. तेथे शोकाचा संबंध नाही, शुचितेचा आहे. म्हणजे अंगावरच्या केसांना हात न लावण्यातच पुरुषपणा, हा वडिलांचा सिद्धांत मिसरचा नव्हे, अरबस्तानचा नव्हे आणि गृह्यसूत्रांचाही नव्हे. तो बहुधा आमच्या आळीचा असावा.

सकाळी वाळूवर गेलो तेव्हा धुके होते. आमच्या शेजारी एक कानडी जोडपे वेणीदानाला बसले होते. पती पत्नीची वेणी घालतो आणि तिच्या टोकाचे दोन बोटे केस कापून संगमाला देतात. दोघेही लाजत होती, आणि ते दृश्य मोठे गोड होते. पण बाईच्या केसांजवळ वस्तरा पाहिला की मराठी माणसाला दुसरेही आठवते. पुरुषाचे क्षौर एका दिवसाचे. विधवेचे केशवपन जन्मभराचे होते, आणि तिला कोणी विचारत नसे. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन हे काम आम्ही करणार नाही असे ठरवले. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव त्या प्रसंगाशी जोडलेले आहे. धर्मसभांनी जे केले नाही ते धोकटीवाल्यांनी केले, हे सेना न्हाव्याच्या महाराष्ट्रात विसरले जाऊ नये.

आमच्या न्हाव्याने हातातल्या वस्तऱ्यात नवे अर्धे पाते सर्वांना दिसेल असे बसवले. जुना धार लावायचा वस्तरा आता बहुतेक ठिकाणांहून गेला, आणि रोगांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मी पुढे बसलो. त्याने न विचारता दाढीपासून सुरुवात केली, म्हणजे तो मनूच्या पंथाचा होता. मग मिशी, मग डोके. छातीपर्यंत आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी नको म्हणालो. ग्रंथांतल्या मतभेदाचा मी एवढा फायदा घेतला.

काकांनी अंगरखा उतरवला आणि “पूरा बदन” असे फर्मावले. न्हाव्याने पाणी लावले, वस्तरा उचलला आणि काकांच्या दंडावरचे काळेनिळे डाग पाहून थांबला. काका हृदयविकारानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेतात. जरासे कापले तरी रक्त लवकर थांबत नाही, आणि डॉक्टरांनी वस्तरा बंद केला आहे. हे त्यांनी आम्हा दोघांना सांगितले नव्हते. न्हाव्याने मान हलवली. “बाबूजी, हमसे नहीं होगा.” काका तसेच बसून राहिले, उघड्या अंगाने, थंडीत. भावासाठी एवढे एक करायला ते साडेतेराशे किलोमीटर आले होते.

चिरंजीव उठले आणि पिशवीतून आपले विजेवर भरायचे केस कापण्याचे यंत्र घेऊन आले. हे यंत्र त्याने प्रयागला कशासाठी आणले होते ते मी विचारले नाही.

काकांनी गुरुजींकडे पाहिले. “हे चालतं?”

गुरुजी तरुण आहेत, संस्कृतात पदवीधर आहेत. “वपन झालं पाहिजे,” ते म्हणाले. “लोखंडाला धार हवी की वीज हवी, हे मला कुणी शिकवलेलं नाही.”

“कुठून सुरू करू, आजोबा?”

“दाढीपासून.”

न्हावी बाजूला सरकून बसला आणि कारागिराच्या नजरेने पाहत राहिला. काखेत हात उंच धरून कातडी ताणायची असते, नाहीतर यंत्र अडते, हे त्याने दोनदा सांगितले. चिरंजीवांना ते ठाऊक होते, पण त्यांनी दोन्ही वेळा ‘हाँ’ म्हटले. छातीवरचे पांढरे केस पडू लागले तेव्हा मात्र तो मुलगा थांबला, बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा कामाला लागला. काका पूर्ण वेळ किल्ल्याकडे पाहत होते. शेवटी न्हाव्याला पूर्ण दक्षिणा दिली. जागा त्याची, वाटी त्याची, आणि अनुभवही त्याचाच.

नावेत बसलो. हिवाळ्यात दूरच्या उत्तरेकडून आलेले पांढरे कुरव पक्षी शेवेसाठी नावेभोवती ओरडत होते. नावाड्याने दोन रंगांच्या रेषेवर नाव थोपवली, गुरुजींनी मंत्र म्हटले आणि मी अस्थी सोडल्या. मग नावांना बांधलेल्या लाकडी फळीवरून आम्ही पाण्यात उतरलो. प्रवाहाला ओढ होती म्हणून चिरंजीवांनी काकांना दंडाला धरले होते.

“काय रे हे,” काका दात वाजवीत म्हणाले, “नाशिकला एवढं गार नव्हतं लागलं.”

“केस नाहीत ना आजोबा अंगावर. आता पाणी नीट कळतंय तुम्हाला.”

काकांनी त्याच्याकडे एकवार पाहिले, नाक धरले, आणि दोघांनी बरोबर बुडी मारली.