बॅटरीचं वय

लोणच्याची बरणी कधी भरली, गॅसचं सिलिंडर कधी लावलं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या तारखेला संपणार, हे आम्हा बायकांना पाठ असतं. पण दारातल्या गाडीची बॅटरी कधी बसवली, असं विचारलं तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, "ते ह्यांना ठाऊक." आणि ह्यांना विचारावं तर ते म्हणतात, "चालतीय की अजून!"

चालतंय तोवर चालवायचं, हा नियम झाडूला ठीक आहे. झाडू झिजताना दिसतो. बॅटरी आतल्या आत झिजते. आपल्याकडच्या हवेत साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. तिच्या पोटात सहा घरं असतात, त्यांत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं ॲसिड. किल्ली फिरवली की काही क्षणांत ती मोठा प्रवाह देऊन टाकते. मग गाडी चालत असताना अल्टरनेटर तो खर्च भरून काढतो. पण या भरण्याला वेळ लागतो. आपल्या फेऱ्या कशा? टिळकवाडीतून बस्तीत, बस्तीतून भाजीला, तिथून घरी. सगळ्या दहा-दहा मिनिटांच्या. दर वेळी पैसे काढायचे, भरायचे मात्र थोडेच, असं खातं किती दिवस चालणार? कधी स्तवनिधीला जाऊन आलं, की तेवढा भरणा होतो.

चातुर्मासात तर आणखी वेगळं. पुष्कळ घरांतून प्रवास कमी होतो, त्यात बेळगावचा पाऊस. गाडी दोन-दोन आठवडे जागची हलत नाही. वाटतं, वापरच नाही तर झीज कसली? पण गाडीतलं घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज खातच असतात. बॅटरी अर्धी रिकामी राहिली, की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते नंतर पूर्ण विरघळत नाहीत. म्हणून कमी फिरणाऱ्या गाडीचीच बॅटरी पुष्कळदा लवकर जाते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी फिरवून आणावी. नुसती दारात सुरू करून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

मेस्त्री लोक म्हणतात, उन्हाळा बॅटरी मारतो आणि थंडी ते दाखवते. ते खरं आहे. एप्रिल-मेच्या उष्णतेनं ती आतून खराब होते, पण गाडी सुरू होत राहते. थंडीत इंजिन जड होतं, तेव्हा पितळ उघडं पडतं. आमच्याकडे ते डिसेंबरमधल्या एका पहाटे पडलं. थोरल्या जाऊबाईंना दम्याचा झटका आला. ह्यांचा मुक्काम त्या दिवशी हुबळीला होता. मी किल्ली फिरवली, तर नुसतं टक्-टक्-टक्. बॅटरी साडेचार वर्षांची होती. दिवाळीआधी सर्व्हिसिंगच्या वेळी मी मुद्दाम विचारलं होतं, तर मेस्त्री म्हणाले होते, "वैनी, अजून वर्षभर बघायला नको." शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून गेलो. वेळेवर पोचलो, ऑक्सिजन मिळाला. पण त्या वीस मिनिटांत जाऊबाई पायरीवर बसून होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे.

म्हणून आता मी अंदाजावर थांबत नाही. बॅटरीला तीन वर्षं झाली, की वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, ती तपासून घ्यायची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. एवढ्यावर भागत नाही, "लोड टाकून बघा" असं सांगायचं. कारण आकडा बरा दाखवणारी बॅटरीही प्रत्यक्ष ओझं पडलं की बसते. सकाळी इंजिन कण्हत सुरू होणं, सुरू करताना दिवे मंद होणं, डबा फुगणं, कुजक्या अंड्यासारखा वास येणं, ही लक्षणं आपल्यालाही कळतात. डबा फुगला किंवा वास आला, तर मग थांबूच नये.

याची दुसरी बाजूही आहे. गाडी सुरू झाली नाही की दोष बॅटरीचाच, असं नाही. शहापूरच्या माझ्या बहिणीला एका दुकानदारानं लगेच नवी बॅटरी घ्यायला सांगितलं. तपासल्यावर निघालं काय, तर टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली आणि क्लॅम्प सैल. साफ करून आवळल्यावर तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली. कधी अल्टरनेटरच भरत नसतो. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात झोपायची. चांगली वस्तू टाकायची नाही, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

आणि जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. फोडताना ॲसिड गटारात जातं, शिसं उघड्यावर वितळवलं जातं. त्या शिशानं सर्वांत जास्त नुकसान होतं ते लहान मुलांचं. नवी घेताना दुकानात जुनी परत घेतात, तिचे पैसेही वजा होतात. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरानं एवढं तर बघावंच.

नवी घेताना तिच्यावरची बनवल्याची तारीख वाचा. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होत असते. वॉरंटीचं कार्ड गाडीतच ठेवा. बसवल्याची तारीख मी दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवते, दुधाच्या हिशेबाशेजारी. ती आता ह्यांना ठाऊक असो वा नसो, मला ठाऊक असते.