पाठीवरचे वळ

2019 च्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता सिंगापूरला मुलाकडे गेलो होतो. विमानात अवघडून बसल्यामुळे म्हणा की वयामुळे म्हणा, माझी मान जी धरली ती सुटेना. शेजारच्या एका वृद्ध चिनी बाईंनी माझी ती अवस्था पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली व सूप प्यायचा चिनी मातीचा चमचा घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या.

मला खुर्चीवर उलटे बसवून त्यांनी मानेला तेल लावले आणि चमच्याच्या कडेने मानेपासून खांद्याकडे, एकाच दिशेने खरवडायला सुरुवात केली. हाताला जोर होता, पण कातडीला कुठे ओरखडा नाही. थोड्या वेळाने सौ.ने आरसा धरला आणि मी चरकलो. छडीचे उठावेत तसे लालजांभळे वळ!

या उपचाराला 'ग्वा शा' म्हणतात. 'ग्वा' म्हणजे खरवडणे, आणि 'शा' म्हणजे कातडीवर उमटणारी ती लाली. कुणी चमचा वापरतो, कुणी म्हशीच्या शिंगाची पट्टी. व्हिएतनाम-इंडोनेशियात नाण्याने खरवडून अंगात शिरलेला 'वारा' काढतात. आजचे वैद्यक सांगते की, दाबामुळे त्वचेखालच्या केशवाहिन्यांतून रक्त झिरपते आणि तिथला रक्तप्रवाह काही काळ वाढतो. मानदुखीच्या 48 रुग्णांवरचा एक जर्मन अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याभराने शेकापेक्षा ग्वा शाने अधिक आराम दिसला. एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. माझी मान मात्र हलकी झाली. वळ तीन-चार दिवसांत मावळले.

त्याच रात्री मुलाने याच नावाचा 2001 सालचा एक चिनी चित्रपट लावला. अमेरिकेत मुलाकडे आलेल्या आजोबांना औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ते आजारी नातवाची पाठ खरवडतात. ते वळ पाहून तिथले अधिकारी छळ झाला असे ठरवतात आणि मूल आईबापांपासून तोडतात. सारे पाहत होते, मी मात्र मध्येच उठून गॅलरीत गेलो.

मला 2004 सालचा जुलै आठवला. सातवीतल्या एका मुलाच्या पाठीवर काळे डाग दिसले. मी त्याच्या आईला बोलावले आणि चार शिक्षकांसमोर विचारले, "पोराला असे मारतात का?" बाई कन्नड बोलणाऱ्या. खाली मान घालून एवढेच म्हणाल्या, "औषध री, सर, औषध." हा शब्द दोन्ही भाषांत एकच. कन्नड तर मला चांगले येते. तरी मी आवाज चढवून म्हटले, "सबबी सांगू नका."

त्या गेल्यावर शिपाई हळूच म्हणाला, "सर, तो बिब्बा हो. पोर झाडावरून पडले होते. आमच्याकडेही लावतात." बिब्ब्याने कातडी भाजते हे खरे, आणि तो लावू नये हे त्या बाईंना समजावून सांगणे माझे कामच होते. पण सांगायला वेळ राहिला नाही. आठवड्याने त्यांनी मुलाचा दाखला मागितला. त्यावर सही मीच केली. पोर हुशार होते. त्याच्या शाळेत खरा बिब्बा घातला तो मी.

मुलांच्या अंगावरच्या खुणांकडे काणाडोळा करावा असे मी म्हणत नाही. काही वळ खरोखर माराचेच असतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. विचारतो मी आजही. पण आता खोलीत दुसरे कुणी ठेवत नाही. आलेल्या माणसाला आधी खुर्ची देतो, आणि तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकतो.