नग मोजायचे, नंबर वाचायचे

भोसरी, रविवार

चि. सोनू,


तू पाठवलेली पायथनची पहिली सरावपत्रिका पाहिली. नाव, वय, उंची साठवा, टाइप ओळखा, प्रिंट करा. जगभर नवशिक्यांना हेच देतात आणि नवशिके जांभया देतात. तू चाकणला रोज इन्स्पेक्शन रिपोर्ट भरतेस ना? तोच कागद पुढे घे. सगळे टाइप त्यात आहेत.

नगांची संख्या इंट. साडेतीन बुश कुणी पाठवत नाही. मायक्रोमीटरचं रीडिंग फ्लोट. पार्ट नंबर, हीट नंबर स्ट्रिंग. आणि प्लग गेजचा निकाल बूल: गो बाजू आत गेली आणि नो-गो अडली, तरच नग ओके. पायथनमध्येही ही अट जवळपास याच शब्दांत लिहितात. गंमत म्हणजे तिथे ट्रू म्हणजे 1 आणि फॉल्स म्हणजे 0, त्यामुळे निकालांची बेरीज केली की ओके नगांचा आकडा आयता मिळतो.

‘टाइप ओळखा’ हा प्रश्न मात्र मला पटत नाही. अंक दिसले की मुलं इंट लिहून मोकळी होतात. विचारायचं असं, की याची बेरीज कधी करणार आहोत का? भोसरी एमआयडीसीचा पिनकोड 411026, चाकणचा 410501. पायथन त्यांची बेरीज बिनतक्रार करून देईल, पण त्या पत्त्यावर कोण राहतं? पार्ट नंबर 0047 इंट केलास की 47 उरतो, आणि स्टोअरवाला त्या चिठ्ठीवर माल काढत नाही.

उलटा घोटाळा इनपुटमध्ये होतो. कीबोर्डवरून काहीही टाइप कर, पायथन ते स्ट्रिंग म्हणूनच घेतो. पहिल्या पाळीचे 480 आणि दुसऱ्या पाळीचे 455 नग टाकून अधिकचं चिन्ह दिलंस, तर उत्तर येईल 480455. एवढं प्रॉडक्शन बघून मालक पेढे वाटेल. आधी इंट करून घ्यायचं, मग बेरीज. आणखी एक सापळा: रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बूल केली की ट्रू होते. ‘रिजेक्ट’ हा शब्दसुद्धा!

फ्लोटवर जरा जास्त वेळ दे, कारण आपल्या धंद्यात खरी गोम तिथेच आहे. 0.1 आणि 0.2 मिळव, 0.30000000000000004 येईल. मशीन बिघडलेलं नसतं. संगणक बायनरीत मोजतो आणि 0.1 बायनरीत पूर्ण लिहिता येत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येत नाही. एरवी कुणाला फरक पडत नाही. पण नग अगदी टॉलरन्सच्या कडेवर असेल आणि तू बरोबरीचं चिन्ह लावून तपासलंस, तर चांगला नग रिजेक्ट होऊ शकतो. मी असतो तर मिलिमीटर सोडून मायक्रॉनमध्ये हिशेब केला असता: 25.02 ऐवजी 25020, सरळ इंट. रूपांतर करताना राउंड वापर. नुसतं इंट केलं की दशांशापुढचं सगळं छाटलं जातं, 4.99 चे 4 होतात.

मराठी अंकांची काळजी करू नको. ‘१२’ असं टाइप केलं तरी इंट त्याचे 12 करून देतो. शब्दाची लांबी मात्र पायथन आपल्यासारखी मोजत नाही. चाकण आपल्याला तीन अक्षरी. पायथन 4 सांगतो, कारण काना त्याच्या लेखी वेगळा. पिंपरीचे तर 6 होतात. मराठी नावांचे रकाने प्रिंटमध्ये वाकडेतिकडे दिसले, तर आधी हे आठव.

प्रिंटचंच घे. 25.40 साठवलंस तरी पायथन 25.4 छापतो. गणिताच्या वहीत चालेल, रिपोर्टवर नाही. 0.01 लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरनं मोजलं, तर ते शेवटचं शून्यही मोजलेलंच असतं. ऑडिटर 25.4 बघून विचारेल, पट्टीनं मोजलं का? म्हणून छापतानाच दशांशानंतर दोन स्थळं मागून घ्यायची.

आता उद्याच्या लॉटमधली पाच रीडिंग घे आणि कमाल, किमान, सरासरी छाप. लिस्ट अजून शिकवली नसेल तर पाच वेगळी नावं दे, चालेल. ताईला नमस्कार सांग आणि डबा न विसरता नेत जा.

तुझा,
मामा